तिसरा रकाना

आमच्या लाँड्रीत सगळे त्यांना तोंडावर ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘जरतर’. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू? गाडी वेळेवर भरून निघाली की ड्रायव्हर शीळ घालत गिअर टाकायचा, आणि बाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, “जर वाटेत पंक्चर झाली तर?” एखादं मशीन कुरकुरायला लागलं की बाकीचे सगळे घाबरायचे. बाईंचं उलटं होतं. मशीन दोन महिने सुरळीत चाललं की त्यांना धास्ती बसायची. मग त्या त्याच्यापाशी जाऊन कान देऊन ऐकायच्या, जसं काही ते आतल्या आत काहीतरी लपवतंय.

लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. शहरातलं एक मोठं हॉस्पिटल आणि सहा लहान, अशा सातांचे कपडे आमच्याकडे येतात. चादरी, अभ्रे, रुग्णांचे झगे, ऑपरेशनला लागणारी हिरवी कापडं, असं रोज दोन-अडीच टन. इमारतीच्या मधोमध एक भिंत आहे. अलीकडे मळके कपडे लाल पिशव्यांतून येतात आणि मशीनमध्ये जातात. त्याच मशीनचं दुसरं दार भिंतीपलीकडे उघडतं आणि तिथून स्वच्छ कपडे बाहेर पडतात. मळक्या बाजूचा माणूस स्वच्छ बाजूला यायचा तर आंघोळ करून, कपडे बदलूनच. पाणी तापवायला, कपडे वाळवायला, रोलरखाली इस्त्री करायला वाफ लागते, आणि ती सगळी वाफ मागच्या शेडमधल्या एकाच बॉयलरमधून येते. मी स्वच्छ बाजूला घड्यांच्या टेबलांची मुकादम. बाई दोन्ही बाजूंच्या सुपरवायझर. चौदा वर्षं आम्ही एकाच बसने घरी जायचो, तेव्हा त्यांच्या मनातलं बरंचसं माझ्या कानांवर पडलेलं आहे.

त्यांचे मिस्टर चित्रकलेचे शिक्षक. शांत माणूस. ते म्हणतात, ही पहिल्यापासून अशीच. मला मात्र एक दिवस आठवतो. आत्तापासून नऊएक वर्षांपूर्वी वाफेचा पाइप फुटला आणि दीड दिवस काम ठप्प झालं. फोनवर बाई बसल्या होत्या. दुपारी एका माणसाचा फोन आला. त्याने आवाज चढवला नाही. म्हणाला, “माझ्या आईला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. आता म्हणतात ऑपरेशन उद्या, कापडं आली नाहीत म्हणून. तुम्ही लोक तिथे नक्की करता काय हो?”

बाई म्हणाल्या, “कपडे धुतो.”

त्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला तीनदा विचारलं, “कपडे धुतो म्हटलं गं मी त्याला. दुसरं काय म्हणायला हवं होतं?”  

दोन वर्षांपूर्वी मोठ्या हॉस्पिटलचं पत्र आलं. पुढच्या तीन वर्षांचं काम हवं असेल तर लाँड्रीने आपला ‘बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन’ लेखी द्यावा. सहा आठवड्यांनी अधिकारी येऊन तपासतील. मालकांनी आम्हा चार-पाच जणांना केबिनमध्ये बोलावलं. पत्र दोनदा वाचून चष्मा कपाळावर चढवला.

“म्हणजे काम बंद पडलं तर काम चालू कसं ठेवणार, हे लिहून द्यायचं. बरोबर?”

“बरोबर, साहेब.”

“मग हे लिहायचं कोणी?”

 सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

मला वाटलं, बाई खूश होतील. इतक्या वर्षांनी कोणीतरी त्यांचाच प्रश्न त्यांना रीतसर विचारला होता. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बसमध्ये म्हणाल्या, “मनात होतं तोवर बरं होतं. आता लिहायचं म्हणजे उत्तरही लिहायला हवं ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक लांब वही आणली आणि प्रत्येक पानावर तीन रकाने आखले. पहिल्यात काम, दुसऱ्यात करणाऱ्याचं नाव, तिसऱ्यात ‘तो नसेल तर’. मग वही घेऊन एकेकाच्या मागे लागल्या. मळक्या बाजूला कपडे निवडणारी म्हणाली, “मी नसेन तर माझी नणंद येईल. पण देवाशपथ, तिला बोलावू नका.” ड्रायव्हरला आम्ही गोगलगाय म्हणतो, कारण तो भरधाव जातो. तो म्हणाला, “मी नसलो तर गाडी कोणीही चालवेल. पण मागचं दार लागत नाही. खालून उजव्या कोपऱ्यात लाथ मारावी लागते, मगच कडी बसते.” बाईंनी लिहून घेतलं: उजव्या कोपऱ्यात लाथ मारावी.

मालकांनी वही चाळली आणि हसले. “बाई, हे असलं लिहायचं असतं होय?”

“हेच तर कोणाला माहीत नसतं, साहेब,” बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या.

आठवडाभरात मात्र हसू मावळलं. कोणीतरी पुडी सोडली की तिसऱ्या रकान्यात नाव आलं की दुसऱ्या रकान्यातल्याला घरचा रस्ता. झालं. लोक बाईंना पाहिलं की टॉयलेटकडे वळायला लागले. माझ्या टेबलावरची एक जण तर मला म्हणाली, “तुमच्या मैत्रिणीला सांगा, आमच्या पोटावर पाय देऊ नको म्हणावं.” मी सांगितलं नाही. पण बाईंना कळलंच होतं. त्यांचा डबा तसाच परत जायला लागला.

सगळ्यात अवघड होते बॉयलरवाले काका. साठीला टेकलेले, लाँड्री उभी राहिली तेव्हापासूनचे. बॉयलर चालवायला परवाना लागतो आणि तो आमच्यात त्यांच्या एकट्याकडे होता. परवाना असलेला आणखी एक धाकटा होता, तो चार वर्षांपूर्वी दुधाच्या कारखान्यात गेला. तेव्हापासून काका आठवड्याची सुट्टीसुद्धा लाँड्रीच्या सुट्टीलाच घ्यायचे. बॉयलरशी त्यांचं नातं असं की आम्ही म्हणायचो, काकू ही सवत कशी सहन करतात कोण जाणे.

बाई वही घेऊन शेडमध्ये गेल्या तेव्हा मी चहा द्यायला गेले होते, म्हणून माझ्या समोरच झालं.

“काका, तुम्ही एखाद्या दिवशी आला नाहीत तर?”

“कधी आलो नाही असं झालंय?”

“झालं नाही. पण झालं तर?”

काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “पोरी, माझ्या मरणाची यादी करतेस?”

“तसं नाही हो काका. निदान सकाळी वाफ कशी सोडता, काय आधी, काय नंतर, एवढं तरी सांगा. मी लिहून घेते.”

“हे लिहून घेण्यासारखं नसतं. हाताला कळतं ते.” मग ते बाईंकडे पाठ करून म्हणाले, “आणि तोंडातून अभद्र काढू नये माणसाने. वास्तू तथास्तु म्हणत असते.”

 बाईंनी मात्र एक गोष्ट पाहिली होती, जी मी पाहिली नव्हती. शेडच्या चार पायऱ्या चढताना काका दुसऱ्या पायरीवर थांबले होते आणि छातीवर हात न ठेवता, खिशात काहीतरी शोधतोय असं दाखवत उभे राहिले होते. बाई मला म्हणाल्या, “खिशात काही नव्हतं गं त्यांच्या.”

त्यांनी मालकांना सांगितलं. मालक म्हणाले, “बाई, तुम्हाला तर भिंतीलाही ताप आलेला दिसतो.”

तपासणीच्या आदल्या दिवशी वही पूर्ण झाली होती. बत्तीस पानं. एकच जागा रिकामी होती, बॉयलरसमोरचा तिसरा रकाना. मालक पेन घेऊन आले. “धाकट्याचं नाव टाका.”

“तो आपल्याकडे नाही, साहेब.”

“परवाना आहे ना त्याच्याकडे? शहरात राहतो ना? मग? कागद आहे हो हा, बाई. या एका ओळीपायी साठ माणसांचं काम जाऊ द्यायचं का?”

बाईंनी नाव लिहिलं. मी शेजारी उभी होते, मीही काही बोलले नाही. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. पण ती एक ओळ तिरकी आली.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या अधिकारी बाई आल्या. सडपातळ, हळू बोलणाऱ्या. एकेक पान बोट ठेवून वाचलं. लाथेच्या ओळीवर त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. मग बोट बॉयलरच्या ओळीवर आलं.

“हे गृहस्थ बोलावलं की येतील?”

“अर्ध्या तासात,” मालक म्हणाले.

अधिकारी बाईंनी मान डोलावली, सही केली आणि जाताना म्हणाल्या, “इतकं प्रामाणिक काम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.”

प्रामाणिक हा शब्द बाईंना असा लागला की विचारू नका. करार मिळाला, मालकांनी सगळ्यांचं तोंड गोड केलं आणि बाईंची झोप उडाली. मिस्टर चिडवायचे, “अगं, जग बुडालं तरी तुझी वही तरंगत वर येईल.” त्यावर त्या म्हणायच्या, “तिला भोक आहे.”

लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी, सोमवारी, त्यांनी मला सोबत घेतलं आणि आम्ही दुधाच्या कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिलो. जेवणाच्या सुट्टीत धाकटा बाहेर आला. बाईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

“मला न विचारता लिहिलंत?” तो म्हणाला.

“चुकलं माझं.”

तो रागावला नाही, हेच वाईट वाटलं. “बाई, मी ड्यूटीवर असलो तर हे फाटक सोडून येऊ शकत नाही. शनिवारी, रविवारी म्हणाल तर येईन. बाकी दिवशी माझ्या भरवशावर राहू नका.”

परतताना बाई एका स्टॉपवर अचानक उठल्या. “चल, उतर.” मला वाटलं बरं वाटत नाही की काय. पण त्या तरातरा चालत दुसऱ्या लाँड्रीच्या दारात गेल्या. ही लाँड्री आमच्या मालकांच्या चुलतभावाची. दोघांमधून विस्तव जात नव्हता. अकरा वर्षं बोलणं बंद. कोणी कोणाचं गिऱ्हाईक फोडलं यावरून सुरू झालेलं, पुढे लग्नकार्यातही एकमेकांकडे पाठ करून बसण्यापर्यंत गेलेलं.

चुलतभावाने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पण भुवई वर. बाई म्हणाल्या, “साहेबांना माहीत नाही मी आलेय ते. आमचा बॉयलर बंद पडला तर तुम्ही आमचे कपडे धुवाल का? तुमचा पडला तर आम्ही धुऊ.”

 तो म्हणाला, “माझाही एकच आहे, बाई. मलाही रोज सकाळी तीच धाकधूक. पण तुम्ही सांगून मी हलणार नाही. त्याने स्वतः फोन करायचा. तुमच्या साहेबाने.”

बाईंनी घरी जाऊन एक नवीन पान लिहिलं आणि वहीत मागच्या बाजूला चिकटवलं. मालकांना सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. रोज म्हणायच्या, उद्या सांगते.

करार झाल्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. सकाळचे सव्वादहा. मी घड्यांच्या टेबलावर होते. रोलरमधून येणारी चादर ओलसर लागली. पुढची त्याहून ओली. मी हाक मारायच्या आत बाई शेडकडे धावत सुटल्या होत्या.

काका बॉयलरसमोर जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून. शर्ट घामाने चिंब. नंतर कळलं की कळ आल्यावर त्यांनी आधी बर्नर बंद केला, मोठा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि मगच खाली बसले. मालकांनी रुग्णवाहिका बोलावली, ती दहा मिनिटांत आली. काकांच्या घरी फोन लागेना. बरोबर कोण जाणार, असा प्रश्न विचारायच्या आत बाई गाडीत चढल्या होत्या. काकांनी त्यांचा हात सोडला नव्हता, हेही खरं.

गाडी फाटकाबाहेर गेली आणि आम्ही साठ जणं उभी. मशिनं मध्येच थांबलेली. दुपारी दोनची गाडी भरायची होती, त्यात मोठ्या हॉस्पिटलची दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या ऑपरेशनची कापडं. आणि बाई नाहीत. त्यांचा मोबाइल टेबलावर पडलेला, शेजारी चष्मा आणि ती वही.

मालक म्हणाले, “आता काय?” ते कोणाला विचारत होते देव जाणे.

मी वही उघडली.  ‘बॉयलर बंद पडला तर’ या पानावर पहिलीच ओळ होती: ‘आधी घोटभर पाणी प्यावे. गडबड करू नये. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही.’ मी खरंच पाणी प्यायले. मग मोठ्याने वाचायला लागले. अर्धवट धुतलेलं कापड मळकंच समजावं, पुन्हा लाल पिशवीत भरावं. सुकलेलं, इस्त्री झालेलं मोजून वेगळं करावं. आधी ऑपरेशनची कापडं, मग अतिदक्षता विभाग, मग बाळंतिणींचा वॉर्ड, पडदे सगळ्यात शेवटी. प्रत्येक हॉस्पिटलात कोणाला फोन करायचा, नाव आणि नंबर. काय सांगायचं, तेसुद्धा: ‘खरी वेळ सांगावी. होईल, बघू, असे म्हणू नये.’

लोक हलायला लागले. ज्यांनी इतके दिवस वहीला शिव्या घातल्या होत्या तेच येऊन विचारत होते, “माझं काय लिहिलंय?”

मग मी चिकटवलेलं पान वाचलं आणि थांबले. वही तशीच मालकांपुढे धरली. त्यांनी चुलतभावाचं नाव वाचलं. कानशिलं लाल झाली.

“हे कोणी ठरवलं?”

“बाईंनी. पण फोन तुम्हीच करायचा, असं ते म्हणालेत.”

“मरू दे. मी नाही करणार.”

  एवढ्यात कपडे निवडणारी भिंतीच्या खिडकीतून ओरडली, “साहेब, उद्या कोणाच्या तरी आईचं ऑपरेशन असेल!” बाईंचा तो जुना फोन सगळ्यांना पाठ होता तर.

मालकांनी नंबर फिरवला. फोनचा आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“हॅलो.”

“मी बोलतोय.”

 “बॉयलर गेला?”

“बॉयलर आहे. बॉयलरवाला... हॉस्पिटलात नेलाय त्याला.”

“काकांना? काय झालं काकांना?” काका तिकडेही काकाच होते, लाँड्री दोघांनी मिळूनच सुरू केली होती कधीतरी.

“छातीत दुखलं.”

“पाठव. जेवढं बसेल तेवढं पाठव. अर्धंच होईल माझ्याकडून, आधीच सांगतो.”

गोगलगाय गाडी काढायला गेला आणि आमच्या हातून एक चूक झाली. ऑपरेशनच्या पिशव्या आधी भरायच्या सोडून आम्ही समोर दिसल्या त्या भरल्या. परत उतरवल्या. त्यात पंचवीस मिनिटं गेली. मालक स्वतः पिशव्या ओढत होते. शेवटी कोणीतरी दाराला उजव्या कोपऱ्यात लाथ घातली आणि गाडी निघाली.

तिकडे बाईंचं काय झालं ते मला नंतर कळलं. गाडीत काकांच्या तोंडावर ऑक्सिजन होता, तो ते सारखा बाजूला करत होते. म्हणाले, “सकाळी वाफ सोडायच्या आधी शेवटच्या रोलरमागचा बारका नळ उघडायचा. पाणी साठतं तिथे. ते काढलं नाही तर पाइप हादरतो. मागे फुटला तो त्यानेच फुटला. मी सांगितलं नाही कोणाला.” सहा आठवडे बाई ज्यासाठी मागे लागल्या होत्या ते काका धापा टाकत सांगत होते, आणि बाई म्हणत होत्या, “राहू द्या हो काका, नंतर सांगा, नंतर.”

“लिहून दिलं असतं तर मला घालवलं असतं गं त्यांनी,” काका म्हणाले.

काकांना आत नेलं आणि बाई बाकावर बसल्या. मोबाइल नाही. एका वॉर्डबॉयचा फोन मागून घेतला आणि लाँड्रीचा नंबर आठवेना. एकही नंबर आठवेना, सगळे वहीत. फक्त घरचा आठवला, तिथे कोणी उचलला नाही. काकू येईपर्यंत जागा सोडता येत नव्हती. समोरून एक स्ट्रेचर गेलं, त्याच्या चादरीच्या कोपऱ्यावर आमचा शिक्का होता. बाई मला म्हणाल्या, “उद्या ही चादर कुठून येणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. आत काका जगतात की मरतात ते कळत नव्हतं, आणि मी चादर मोजत होते. माणूस आहे की कोण मी?”

काकू आणि त्यांची लेक दीड वाजता पोचल्या. बाई बसने परत आल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. धावत आत शिरल्या. आम्ही डबे उघडून बसलो होतो. हे दृश्य पाहून त्यांना वाटलं, सगळं संपलं.

“काय झालं?”

“दोनची गाडी गेली,” मी म्हटलं. “पाऊण तास उशिरा. ऑपरेशनची कापडं चुलतभावाकडून धुऊन सगळी पोचतायत संध्याकाळपर्यंत. चादरी अर्ध्या. लहान हॉस्पिटलांना खरं ते सांगितलं. मुलांच्या वॉर्डचे झगे बारा कमी पडले.”

“बारा? बारा कसे?”

“वहीतला आकडा जुना होता. त्यांनी खाटा वाढवल्यात.”

बाईंनी चष्मा शोधला, वही ओढली आणि आकडा दुरुस्त केला. मग तिथेच लाल पिशव्यांच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडायला लागल्या. मळक्या बाजूच्या पिशव्या, आणि अंगावर स्वच्छ बाजूचा कोट. कोणीही टोकलं नाही.

काका वाचले. दोन शिरा मोकळ्या कराव्या लागल्या. धाकट्याने शनिवार-रविवार येऊन बॉयलर चालवला, चुलतभावाने बाकीचे दिवस निभावून नेले, आणि पंधरा दिवसांनी एक परवानाधारक माणूस तात्पुरता मिळाला.

घटनेनंतर दोनच दिवसांनी अधिकारी बाईंचा फोन आला. कौतुकाचा. मालकांनी तो सगळ्यांनी ऐकावा म्हणून मोठ्या आवाजावर लावला. त्या म्हणाल्या, “आणि तुमचे ते पर्यायी बॉयलरवाले अर्ध्या तासात आले ना? मला नोंद करायची आहे.”

मालक ‘हो’ म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात बाई म्हणाल्या, “नाही आले. ते नाव खोटं होतं. मी लिहिलं होतं.”

मालकांनी डोळे मिटून घेतले. 

“मग काम कसं झालं?” अधिकारी बाईंनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. चुलतभावाचं, अर्ध्या चादरींचं, बारा झग्यांचं. अधिकारी बाई शेवटी म्हणाल्या, “मला हे वर कळवावं लागेल.” आणि त्यांनी कळवलं. तीन वर्षांचा करार सहा महिन्यांवर आला. अट अशी की तेवढ्या मुदतीत परवाना असलेली दोन माणसं दाखवा, मग पुढचं बघू. मालक आठ दिवस बाईंशी बोलले नाहीत. कामापुरत्या चिठ्ठ्या पाठवायचे. त्या आठ दिवसांत बाईंचं वजन उतरलं असेल, पण त्या म्हणायच्या, “झोप लागते गं आता. थोडी का होईना, लागते.”

शिकायला म्हणून दोघांना पाठवलं. त्यातली एक होती कपडे निवडणारी. काका तीन महिन्यांनी परत आले ते खुर्चीत बसून सांगण्यापुरते. पहिल्या दिवशी तिला शेडमध्ये पाहून म्हणाले, “माझी खुर्ची हिला द्यायची का आता?” ती म्हणाली, “काका, खुर्ची राहू द्या, तो बारका नळ दाखवा आधी.” त्यांनी दाखवला. त्यांची खुर्ची अजून तिथेच आहे आणि ते अजून तिला रोज रागावतात.

सहा महिन्यांनी दोन परवाने दाखवून करार पुन्हा झाला, दोन वर्षांचा. चुलतभाऊ आणि मालक यांचं मेतकूट जमलं असं काही नाही. पण महिन्यातून एकदा फोन होतो, बॉयलरपुरता, आणि शेवटी दोघांपैकी एक जण दुसऱ्याच्या आईची तब्येत विचारतो.

बाईंची काळजी गेली का? छे. गेल्या महिन्यात मिस्टरांनी हट्टाने त्यांना चार दिवस बाहेरगावी नेलं. पहिल्या दिवशी मला पाच फोन आले. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी एक, तोही फक्त मुलांच्या वॉर्डचा आकडा विचारायला. चौथ्या दिवशी दुपार झाली तरी फोन नाही. मी घड्या घालत होते, पण लक्ष लागेना. गाडीला काही झालं असेल का? तब्येत? शेवटी मीच फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला. “काय झालं?” 

“काही नाही हो. सगळं ठीक आहे.”

“मग फोन कशाला केलास? जीव गेला ना माझा!”